सनविर्याचा दम

माडावर चढताना म्हातारा सनविर्या एकच गाणं म्हणायचा, लग्न झालं तेव्हापासून तेच. शेवटचा शब्द तोंडातून पडला की हात झावळीला लागायचा. नीरा काढणाऱ्यांच्या त्या जावा बेटावरच्या गावात प्रत्येकाचं आपलं गाणं असतं, आणि तब्येत बघायला त्यांना दुसरं काही लागत नाही.

"दवाखान्यातली बाई काय सांगणार? ती कधी माडावर चढलीय?" असं तो म्हणे.

दोन-तीन वर्षं तो शेवटची ओळ लांबवून वेळ मारून नेत होता. यंदा ओढूनताणूनही भागेना. गाणं संपायचं आणि शेंडा वरच राहायचा. अखेर एका सकाळी त्याने बायकोला सांगून टाकलं, "रसिनी, संपलो मी. झाडं पुतण्याला देतो."

रसिनी चुलीवर नीरेचा गूळ आटवत होती. "काल दोन ताटं भात हाणलात, ते संपलेल्या माणसाने का?"

"पोटाचं सोड. दम गेला माझा."

पुतण्या वागिमान आला. चाळिशीचा, रेड्यासारखा धडधाकट. सनविर्याने कमरेचा कोयता सोडून त्याच्या हाती दिला, तेव्हा त्याला भडभडून आलं.

"माझंच गाणं म्हण हो. झाडाला परकं वाटायला नको," तो म्हणाला.

वागिमान गात चढला. गाणं संपलं आणि तो अर्ध्यावरच लटकत राहिला. "काका, हे झाड काय आभाळाला टेकवलंय का?" तो धापा टाकत ओरडला.

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "अगं, पोराच्याही छातीत बिघाड आहे. आपल्या घराण्यातच दिसतोय."

रसिनी कढई सोडून धावत बाहेर आली. तिने वर पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि तिला हसू आवरेना. "अहो, बिघाड तुमच्या टाळक्यात आहे! पाय ठेवायला दर वर्षी वरती नवी खाच कोण पाडतं?"

"मीच. झाड वाढतं म्हणून..." सनविर्याची नजर खाचांवरून वर वर गेली. झाड इतकी वर्षं वाढत होतं, आणि गाणं होतं तेवढंच राहिलं होतं. तो बुंध्याला टेकून खाली बसला. एवढं हलकं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"फार घाबरलो होतो गं मी."

"आणि मी मजेत होते होय?" रसिनीचे डोळे भरून आले. "शेवटच्या ओळीला तुमचा आवाज फाटायचा, तो मला चुलीपाशी ऐकू यायचा. आता कधी धपकन आवाज येतोय, म्हणून माझा जीव टांगणीला."

दोघं बराच वेळ हसत, डोळे पुसत बसली. वागिमान घामाघूम होऊन खाली उतरला आणि त्यांच्याकडे बघतच राहिला.

"आण रे तो कोयता," सनविर्या नाक ओढत म्हणाला. "माझी अजून बरीच झाडं राहिलीत."