आनंदराजच्या गिटारीचं हँडल

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि खरं सांगायचं तर गिऱ्हाइकांवरही फारसा नाही. नांदेडला वजिराबादेत तीस वर्षं मी पेट्या, बेंजो आणि गिटारी दुरुस्त करतोय. वाद्य बिघडलं की लोक म्हणतात नजर लागली. मी उघडून बघतो तर स्क्रू ढिला असतो.

लुंबिनी आपल्या वडिलांची गिटार घेऊन आली ती जानेवारीतल्या एका शनिवारी. ती किनवटच्या आश्रमशाळेत शिकवते. तिचे वडील आनंदराज उमरीच्या भीमगीतांच्या पार्टीत वाजवायचे, आणि माझा तो जिवाभावाचा दोस्त. त्याला जाऊन तीन वर्षं होत आली होती. पार्टीत मुख्य गाणारी त्याची बायको, सरजावहिनी. तो गेला आणि तिनं पुन्हा माइकला हात लावला नाही.

"जयभीम, काका," लुंबिनी म्हणाली. "पुढच्या रविवारी पप्पांचा स्मृतिदिन हाय. आई एक गाणं म्हनते म्हनली. पप्पांनी लिहिलेलं. मी वाजवणार."

"वहिनी गाणार? खरंच?"

"हाव म्हनली, पन लई घाबरून राहिली. आता कंठ फुटला न्हाई तर ती पुन्हा कधीच गानार न्हाई, काका. तारा नव्या टाका, आन् हे हँडल नीट करा."

हँडल म्हणजे व्हायब्रेटो. गिटारीच्या शेपटाकडं एक आडवी दांडी असते, सहाही तारांची टोकं तिच्यावर येतात. दांडीला बाहेर एक हात, हाताखाली स्प्रिंग. हात दाबला की तारा ढिल्या पडून सूर खाली झुकतो, सोडला की जागेवर येतो. आनंदराजची दांडी जुन्या पद्धतीची होती. तिच्यावर सहा बारीक खिळे, प्रत्येक तारेच्या टोकाचा पितळी मणी वाकवून खिळ्यात अडकवायचा, आणि खुंटी पिळायला घेतली की तो हमखास निसटायचा. म्हणून तारा बदलायला दोघं लागायचे. तो खुंटी पिळायचा, मी अंगठ्यानं मणी दाबून धरायचो, आणि आम्ही एकमेकांना यथेच्छ शिव्या द्यायचो.

या वेळी समोर कोणी नव्हतं. तिसऱ्यांदा मणी निसटला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, आणि मी रागारागानं ती दांडीच काढून टाकली. हैदराबादहून आरपार भोकांची नवी दांडी मागवली. तार भोकातून ओवली की झालं, एकट्या माणसाला जमतं. सोबत नवी कडक स्प्रिंगही बसवली.

आनंदराज गिटार नेहमी अर्धा सूर खाली लावायचा, वहिनीच्या पट्टीसाठी. पेटीवरची काळी चार. मीही तशीच लावली, हँडल वीस वेळा दाबून बघितलं, सूर जागचा हलला नाही. कुलूप लावून जेवायला गेलो. परत येऊन तार छेडली तर सूर आणखी अर्धा खाली.

नव्या तारा ताणतात, त्यात नवल नाही. पण ताणल्या तरी एक जास्त, एक कमी उतरते. इथं सहाच्या सहा सारख्या मापानं उतरल्या होत्या. पुन्हा चढवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच. तिसऱ्या दिवशी खुंट्या उघडून घट्ट केल्या, तरी तेच. चौथ्या दिवशी हँडलला हात लावला तर ते कोमट होतं, आत्ताच कोणीतरी हात काढल्यासारखं. बंद दुकानात, जानेवारीत.

मी घाबरलो हे कबूल करतो. घाबरलो की मला चीड येते. "आनंद्या," मी मोठ्यानं म्हणालो, "तुझीच काळी चार लावलीय ना रे? मग आनखी काय पायजे तुला?"

शेजारचा पानवाला डोकावून गेला.

रविवारी मी गिटार घेऊन उमरीला गेलो. घरापुढं मांडव होता. वंदना झाली, भंतेजींचं बोलून झालं. मी फोनवर सूर तपासून गिटार पुन्हा काळी चारला आणली. दोस्ताची पट्टी होती, मी ती हलू देणार नव्हतो.

लुंबिनीनं सुरुवात केली. वहिनी उठली, माइक धरला. पहिली ओळ कशीबशी गेली. वरच्या सुराला आवाज फाटला. ती थांबली, पाणी प्यायली, पुन्हा घेतलं, पुन्हा तिथंच फाटला. माणसं खाली बघायला लागली. वहिनीनं माइक परत द्यायला हात पुढं केला.

तेव्हा मी हँडल बघितलं. लुंबिनीचा हात तारांवर होता, हँडल मोकळं होतं. ते सावकाश बोटभर खाली गेलं आणि तिथंच थांबलं. ती स्प्रिंग मी स्वतः बसवली होती. ती एवढी दाबून धरायची तर माझा पंजा भरून येतो. सहाही तारा एकदम अर्धा सूर उतरल्या. लुंबिनीनं पांढऱ्याफटक चेहऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, वाजव म्हणून.

वहिनीनं मान किंचित तिरकी केली. माइक पुन्हा तोंडाशी नेला आणि गायली. अख्खं गाणं गायली, वरचा सूर धरून गायली, मांडवातल्या बायका रडत होत्या. तिनं माइक खाली ठेवला, तसं हँडल हळूच वर आलं.

नंतर ती माझ्याजवळ येऊन बसली. "भावजी, गिटार खाली कोनी घेतली?"

मी उलट विचारलं, "खाली हवी होती का, वहिनी?"

"हे गेले तवा लई रडले मी. गळा बसला, आन् आवाज खाली उतरला तो उतरलाच. काळी चार लागत न्हाई आता." ती पदर बोटाला गुंडाळत होती. "समद्यांला वाटलं दुःखानं गाणं सोडलं. मी गुपचूप म्हनून बघायची, चुलीपाशी. पोचतच न्हाई, तर सांगू कोनाला?"

"मला सांगायचं ना."

"तुमी इचारलं न्हाई, भावजी."

मी गिटारीकडं बघितलं. अंगावर काटा आला, पण त्याहून जास्त लाज वाटली. तीन वर्षांत तिचा आवाज ऐकून घ्यायला आमच्यातला एकही जिवंत माणूस गेला नव्हता.