तांबडीचं शिंगरू

माझीच घोडी बघायला मला तिकीट काढावं लागलं. तेही कुणाकडून, तर सख्ख्या बहिणीच्या पोराकडून. हा चोयजिल रानघोड्यांच्या पार्कात राखणदार आहे. हिरवा कोट, छातीवर बिल्ला, गळ्यात दुर्बीण. याची आई गेली तेव्हा हा माझ्या गेरमध्ये, आमच्या लोकरी तंबूत, माझ्या शेगडीच्या उबेला वाढला. आणि आता फाटकाशी आडवा उभा राहून मला म्हणतो, "मावशी, घोड्यावरून आत जाता येणार नाही. पाळीव घोड्यांना बंदी आहे."

"मग माझी तांबडी आत काय करतेय?"

तांबडी काय आपल्या पायांनी सहलीला गेली नव्हती. पार्काच्या हद्दीला कुंपण नाही, नुसते चुना फासलेले दगड आहेत. भर दुपारी ताखीचा, म्हणजे या रानघोड्यांचा, एक नर टेकडी उतरून आला आणि माझ्या देखत तिला हाकत घेऊन गेला. मी ओरडत धावले, पण माणसाचे पाय ते केवढे. शिंगरू मागे राहिलं, कारण ते दोरीला बांधलेलं होतं. दूध काढायच्या दिवसांत शिंगरं बांधूनच ठेवायची असतात, म्हणजे आया चरून आपणहून परत येतात. माझी काही आली नाही. शिंगराला गाईचं दूध दिलं, शेळीचं दिलं, बाटलीने दिलं, बोटाने चाटवलं. सगळं थुंकून टाकलं. बरगड्या मोजून घ्याव्यात असं झालं होतं ते. आई लवकर आली नाही तर जाणारच होतं.

म्हणून काढलं तिकीट. पाहुण्यांच्या गाडीत एक परदेशी जोडपं होतं आणि त्यांना सगळं समजावून सांगणारी शहरातली एक पोरगी. चोयजिल पुढे बसला, माझ्याकडे पाठ करून. ज्या खोऱ्यातून गाडी गेली तिथे माझ्या सासऱ्यांपासून आमचा हिवाळी तळ होता. पार्क झालं आणि तिथला गोठ्याचा दगड न् दगड उचलायचा हुकूम घेऊन कोण आलं असेल? हेच दिवटे चिरंजीव. तेव्हापासून आमचं बोलणं फक्त भांडायला उरलंय.

रानघोडे उतारावर चरत होते. बुटके, मातकट, ताठ उभ्या आयाळीचे. परदेशी बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तर ती माजलेली गाढवं वाटली. आणि मधोमध माझी तांबडी, कास दुधाने तटतटलेली. पोरीने चोयजिलला विचारलं, की ती तांबडी फोटोत मध्येमध्ये येतेय, ती कधी बाजूला होईल. मी म्हटलं, "माझ्या दारात बांधून द्या, लगेच बाजूला होईल."

मी गाडीतून उतरले आणि दूध काढताना घालते तशी साद घातली. तांबडीने मान वर केली. चार पावलं आलीसुद्धा. तेवढ्यात तो नर मान जमिनीसरशी करून, कान पाडून आला, तिच्या मांडीला चावला आणि तिला मागे वळवलं. चोयजिलने माझी बाही धरली. मी हिसडा दिला.

मोटारसायकल घाल आणि हाकल तिला बाहेर, म्हटलं. तो म्हणाला, कळपात नवी शिंगरं आहेत, या दिवसांत कळप पळवायला मनाई आहे, साहेब सोमवारी येतील, त्यांना विचारतो. मी म्हटलं, सोमवारी ये मग, शिंगराच्या मातीला ये. गाडीत बसताना तो हळूच म्हणाला, "मावशी, एक ऐक. शिंगरू घेऊन दगडांपाशी जाऊ नकोस. हा नर दुसऱ्याचं शिंगरू जिवंत ठेवत नाही. मी बघितलंय."

मी हसले. अरे, जन्म गेला घोड्यांत. आमचा घोडा कुणाचंही शिंगरू लांडग्यापासून राखतो. आणि हे कालचं पोर मला घोडा शिकवणार. शिंगराच्या हाकेने तांबडीला बाहेर काढायचा माझा डाव त्याने ओळखलाय, म्हणून भीती घालतोय, हे मला स्वच्छ दिसत होतं. पार्काचं मीठ खाल्लेला माणूस खरं कशाला बोलेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंगरू घेऊन गेले. वारा टेकडीकडे होता. दगडांपाशी ते ओरडलं, पार चिरक्या आवाजात. आणि माझी तांबडी आली हो. उधळत आली, दूध गळत होतं तिचं. मागोमाग तो नर. मला वाटलं, हा तिला वळवेल, मी काठी घेऊन तयार होते. त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. तिला ओलांडून सरळ शिंगरापाशी गेला, मानेला धरून उचललं, आपटलं आणि पुढच्या पायांनी तुडवलं. मी काठी त्याच्या पाठीवर मोडली. त्याला काही नाही. चोयजिल मोटारसायकल बोंबलवत मधे घुसला तेव्हा तो नर निघून गेला. तोवर संपलं होतं.

तांबडी शिंगराला हुंगत राहिली. चोयजिलने तिच्या गळ्यात दोर टाकला.

"बोल ना," मी म्हटलं. "सांगितलं होतं म्हण."

नाही बोलला. मी कमरेचा चाबूक त्याच्या खांद्यावर ओढला, तरी नाही. शिंगरू मी उचललं. तो तांबडीला घेऊन माझ्या मागून गेरपर्यंत आला, तिला बांधलं आणि दाराशी उभा राहिला.

आमच्या माळावर दारात आलेल्या वैऱ्यालाही चहा दिल्याशिवाय परत पाठवत नाहीत. मी चहा केला. आमच्या रीतीने मीठ घातलं, दूध घातलं, वाटीत ओतला आणि त्याच्यासमोर बसून एकटीने प्यायले. तो बघत राहिला, मग गेला.

खोटं बोलला असता तर एखाद्या वर्षात विसरलेही असते, आपलंच पोर म्हणून. पण तो खरं बोलला होता. आता त्याला मी या दारात उभा करणार नाही.