सोबतचे गृहस्थ

मी आता जे सांगणार आहे त्यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या ताईने एकदा कपड्यांच्या मापाचा पुतळा कोट घालून बाजाराच्या कचेरीत नेला, आणि सगळी कचेरी तासभर त्या पुतळ्याशी बोलत बसली. खोटं वाटत असेल तर ताई ही काय, खिडकीपाशी काजं करत बसली आहे. इतक्या वर्षांत तिने मला एकदाही अडवलेलं नाही.

हे मी सांगत होतो पंखे दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना. ते नुकतेच वरच्या मजल्यावर राहायला आलेले, पँट आखूड करून घ्यायला खाली उतरलेले. ताईने त्यांना विचारलं, बूट घालून माप घेऊ की चपलांवर? उत्तर त्यांनी मला दिलं. माणूस भला, पण असं सगळेच करतात. त्यावरूनच मला गोष्ट सुचली, म्हणजे आठवली.

ताईचे पाय चोविसाव्या वर्षी गेले. तेव्हापासून ती व्हीलचेअरवर आणि हाताने फिरवायच्या शिलाई मशीनवर. हात असा की कापड उलटं घातलं तरी शिवण सुलटी वाटावी. तिचं दुःख एकच, तिच्याशी गिऱ्हाईक भांडत नाही. एकदा तिने मुद्दाम एका बाईच्या कोटाला डावी बाही चार बोटं आखूड लावली. बाईंनी आरशात पाहिलं, ताईकडे पाहिलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "किती सुरेख शिवतात हो, अशा अवस्थेतसुद्धा." तो कोट घालून त्या दोन हिवाळे हिंडल्या, डावं मनगट गारठवत. ताई त्या दिवशी जेवली नाही. आपल्याला काम येतं की आपली कीव येते, हे तिला कळायला मार्गच नव्हता.

अशात बाजारात तळमजल्यावरचा एक गाळा रिकामा झाला. पुढे छातीएवढं उंच काउंटर. ताई तो गाळा पाहून आली ती वेगळीच माणूस होऊन. म्हणाली, "काउंटरमागे सगळीच माणसं अर्धी असतात रे. कोणी अनोळखी येईल, बाही बिघडवलीस म्हणून कोट माझ्या अंगावर फेकेल. मला एवढंच हवंय." अर्ज तिने स्वतः लिहिला. मुलाखतीची तारीख आली आणि नेमका मी तापाने फणफणलो.

एकटी गेली तर सोबत कोण आहे एवढंच विचारून परत पाठवतील, हे तिला पाठ होतं. तिने पुतळ्याला माझा कोट चढवला, उशीचं डोकं केलं, ते मानेच्या स्प्रिंगवर बसवलं, नाकापर्यंत मफलर गुंडाळला, वर टोपी. पुतळ्याच्या स्टँडला चाकं होतीच. स्टँड पट्ट्याने खुर्चीमागे बांधला आणि ताई निघाली. खुर्ची ढकलायची ताईने, आणि वाटायचं असं की पुतळाच ढकलतोय.

मिस्त्रींनी विचारलं, हे तुम्हाला कसं ठाऊक? मी म्हणालो, ताप उतरवला, मागोमाग गेलो आणि खांबाआड उभा राहिलो.

रस्ता ओलांडताना एका आजोबांनी पुतळ्याची पाठ थोपटली, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय म्हणाले. एकाने बुटाची नाडी बांधायची होती म्हणून आपली पिशवी खुशाल ताईच्या मांडीवर ठेवली, बांधून झाल्यावर उचलली आणि आभार पुतळ्याचे मानले. कचेरीला तीन पायऱ्या. दोन शिपायांनी खुर्ची कपाटासारखी उचलली, जरा तिरकी घे, दाराला घासेल, असं एकमेकांना सांगत. पुतळा पट्ट्याने ओढला जात ठक ठक ठक वर आला, तर त्याला म्हणाले, सावकाश या साहेब.

आत साहेबांनी पुतळ्याला बसायचा आग्रह केला. तो उभाच राहिला, तेव्हा साहेबांना त्याच्या नम्रपणाचं कौतुक वाटलं. मग विचारलं, यांना शिवता येतं का? ताई म्हणाली, अठ्ठावीस वर्षं शिवतेय. साहेबांनी ते लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न पुन्हा पुतळ्याला विचारला: हिशेब वगैरे कळतो ना यांना? ताईने उत्तर दिलं. सही करतात की अंगठा? अर्ज मीच लिहिलाय, ताई म्हणाली. अक्षर छान आहे यांचं, साहेब पुतळ्याला म्हणाले.

चहा आला. एकच कप, पुतळ्यापुढे.

शेवटी साहेबांनी आवाज खाली आणला. माणूस दुष्ट नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. बाजारात गर्दी असते, म्हणाले, धक्काबुक्की असते, आग लागली, काही झालं तर यांना बाहेर कोण काढणार? घरात बसून चार कपडे शिवतायत, ते काय वाईट आहे? ताई म्हणाली, साहेब, माझ्याकडे बघून बोला. साहेबांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, ओशाळं हसले, आणि पुतळ्याला म्हणाले, "तुम्ही घरचे आहात. तुम्हाला तरी पटतंय ना?"

खिडकीतून वारा आला म्हणा, कोणाचा धक्का लागला म्हणा, स्प्रिंगवरची मान हलली. वर, खाली, वर. साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला आणि अर्जावर लिहिलं: सोबतच्या गृहस्थांच्या संमतीने अर्ज निकाली. गाळा पुढच्या नंबराला गेला. तिथे आता छत्र्या विकतात.

इथे लोक पोट धरून हसतात. मिस्त्री हसले नाहीत. पँट मांडीवर घेऊन विचार करत बसले. मग म्हणाले, "काका, रोज स्प्रिंगा हाताळतो मी. धक्का लागला तर स्प्रिंग चहूकडे डुलते. ही नुसती वर-खाली कशी हलली?"

मी म्हणालो, जुनी होती हो, एका अंगाने गंजलेली, आणि वाराही समोरूनच...

"धाकट्या," ताई म्हणाली. तिने दाताने दोरा तोडला आणि सुई खिडकीच्या उजेडात धरली. नवा दोरा ओवला, गाठ मारली.

"आपल्याकडे पुतळा कधीच नव्हता. मान तू हलवलीस."