चार भोकांची ब्यूक

जुनी मोटार जोखायला गेलं की इरावती माणगावकर मालकाला एकच विनंती करायची. मी गाडी बघतेय तोवर तिच्याबद्दल काही सांगू नका. कोल्हापुरात पॉलिटेक्निकमध्ये तिनं एकोणतीस वर्षं इंजिनं शिकवली होती आणि सुट्टीच्या दिवशी ती लोकांच्या जुन्या गाड्यांची किंमत ठरवून द्यायची. संस्थानिकांनी आणलेल्या अमेरिकन गाड्या जिल्ह्यात अजून कुठंकुठं गोदामात, गोठ्यात सापडायच्या. आपली गाडी कुठल्या तरी राजाच्या खास वापरातली होती, असं प्रत्येक मालकाला वाटायचं. ते ऐकत बसलं की डोळे नीट काम करत नाहीत, असा तिचा अनुभव होता.

कोडोलीच्या हंबीररावांनी ही विनंती मान्य केली आणि दुसऱ्याच मिनिटाला मोडली.

"बोलत न्हाय बाई, पर येवढंच सांगतो. चार भोकं हायेत. मोजून घ्या."

त्यांचं म्हणणं तिला लगेच कळलं. ब्यूकच्या पुढच्या मडगार्डवर क्रोमच्या कड्यांची गोल भोकं असतात. १९५१ सालच्या गाड्यांत 'सुपर' मॉडेलला एका बाजूला तीन भोकं आणि सगळ्यांत भारी 'रोडमास्टर'ला चार. लांबून येणारी गाडी बघूनच लोक भोकं मोजायचे आणि मालकाला किती वाकून नमस्कार करायचा ते ठरवायचे. हंबीररावांच्या गाडीला दोन्ही बाजूंनी चार-चार होती.

हंबीरराव चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. ऊस, म्हशी आणि ही ब्यूक यांत त्यांचं आयुष्य गेलं होतं. पंचक्रोशीतले निम्मे नवरदेव या गाडीतून मांडवात उतरले होते आणि प्रत्येकाला त्यांनी भोकं मोजून दाखवली होती. आता नात तेजस्वी गाईंचा मोठा गोठा उभारणार होती आणि त्यासाठी गाडीची शेड मोकळी करून हवी होती. कोल्हापूरचे हॉटेलवाले विजयसिंह गाडी घ्यायला तयार होते, पण किंमत इरावतीबाईंनी ठरवावी असं दोघांनी मिळून ठरवलं होतं.

गाडी चांगली ठेवली होती. नुसती किल्ली फिरवून काही होईना, तेव्हा हंबीररावांनी हसून ॲक्सिलरेटर दाबायला सांगितलं. या गाडीचा स्टार्टर ॲक्सिलरेटरच्या खालीच असतो. इरावतीला ते माहीत होतं, पण म्हाताऱ्याला ते सांगण्यात एवढा आनंद होता की तिनं नवल वाटल्यासारखं केलं. आठ सिलिंडरांचं लांबलचक इंजिन एका दमात सुरू झालं आणि आवाज एवढा मऊ की गोठ्यातल्या म्हशींनी मानही वळवली नाही.

तिथपर्यंत सगळं झकास होतं. मग तिनं टेप काढून पुढच्या आणि मागच्या चाकातलं अंतर मोजलं. पुन्हा मोजलं. रोडमास्टर लांब असते आणि ही त्या मानानं आखूड भरत होती. बॉनेट उघडून इंजिनाचा आकार बघितला, तर तेही धाकटंच निघालं. शेवटी तिनं मडगार्डच्या आतल्या बाजूला बॅटरीचा उजेड मारला. तीन भोकांच्या कडा कारखान्यातल्या, एकसारख्या. चौथ्याची कड कानसीनं घासून गोल केलेली. काम इतकं नेटकं होतं की बाहेरून कुणाच्या बापाला कळलं नसतं. तिनं त्या चौथ्या भोकाचं कडं हलकेच सोडवून हातात घेतलं. क्रोमच्या खाली पितळ होतं आणि आतल्या अंगाला पंचनं मारलेली तीन बारीक टिंबं.

इरावती तिथंच बाजेवर बसली. ती तीन टिंबं तिच्या घरातल्या अडकित्त्यावर होती, देवघरातल्या समईवर होती, तिच्या पहिल्या सायकलच्या घंटीवर होती. उद्यमनगरात लेथ चालवणारे तिचे वडील, दादा, हातानं केलेल्या प्रत्येक वस्तूवर ही खूण मारायचे.

कडं परत बसवून तिनं हंबीररावांना सांगितलं की काही गोष्टी तपासायच्या आहेत, उद्या पुन्हा येते. ते म्हणाले, या की, जेवायलाच या.

संध्याकाळी तिनं दादांना विचारलं. दादा त्र्याऐंशीचे, गॅलरीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"गणपतराव गेले ना?" त्यांनी विचारलं.

हंबीररावांचे वडील गणपतराव जाऊन वीस वर्षं झाली होती. मग दादांनी सांगितलं. १९७५ साली हंबीररावांचं लग्न गारगोटीच्या अंबूबाईंशी ठरलं. अंबूबाईंची थोरली बहीण, आक्का, आदल्या वर्षी कागलला दिली होती आणि तिचा नवरा चार भोकांच्या ब्यूकमधून आला होता. साखरपुड्यात मुलीकडच्या कुणीतरी तो विषय काढला. गणपतराव बोलून गेले की आमचीही चारचीच येईल. प्रत्यक्षात त्यांच्याकडे तेव्हा बैलगाडी होती. महिनाभर फिरून त्यांना जी ब्यूक मिळाली ती तीन भोकांची. ती घेऊन ते घरी न जाता सरळ दादांच्या लेथवर आले. दादांनी आठ दिवस खपून दोन भोकं पाडली, दोन कडी ओतली, घासली, क्रोम करून बसवली. कुणाला सांगणार नाही म्हणून गणपतरावांनी त्यांच्याकडून अंबाबाईची शपथ घेतली होती.

"आता काय करू?" इरावती म्हणाली. रिपोर्टात हे लिहिलं तर वडिलांचं नाव येणार होतं. न लिहिलं तर तिचं स्वतःचं राहणार नव्हतं.

"रिपोर्टात आहे तेच लिही," दादा म्हणाले. "पण कागदावरून नको कळायला त्यांना. मी येतो उद्या."

दुसऱ्या दिवशी ती दादांना घेऊन कोडोलीला गेली. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रखडत होती. शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. हंबीररावांनी दादांना ओळखलं नाही. इरावतीबरोबर आलेलं पावणं समजून त्यांनी त्यांना उसाचा रस दिला. दादांनी पेला खाली ठेवला, उभे राहिले आणि जे झालं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. आवाज चढवला नाही, सारवासारव केली नाही.

हंबीरराव उठले. गाडीपाशी जाऊन त्यांनी चौथ्या कड्यावर बोट फिरवलं. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तिथंही फिरवलं.

"मिस्त्री," ते वळून म्हणाले, "पन्नास वर्सं तुमी मला खोटं बोलाया लावलंसा."

"लावलं," दादा म्हणाले. "चुकलंच माझं. माफी मागायलाच आलोय."

इरावतीला वाटलं, आता म्हातारा आपल्याला हाकलून देणार. तेवढ्यात अंबूबाई चहा घेऊन आल्या. सगळं त्यांनी दारातून ऐकलं होतं. त्यांनी ट्रे बाजेवर ठेवला, पहिला कप दादांच्या हातात दिला आणि नवऱ्याकडं बघून सरळ म्हणाल्या, "मला ठावं हाय की. लग्नादिवशीच कळलतं."

त्या दिवशी मडगार्डचा रंग पुरता वाळला नव्हता. वरातीला गाडीत बसताना त्यांचा शालू चौथ्या भोकाला घासला आणि पदरावर काळा गोल उठला. आधीच्या तीन भोकांचा रंग हाताला लागत नव्हता, चौथ्याचाच लागत होता. अठरा वर्षांच्या पोरीला तेवढं कळायला कुणी इंजिनिअर लागत नव्हता. आक्काचा नवरा भोकं मोजायला गाडीजवळ यायला लागला, तेव्हा अंबूबाई मळवट भरलेल्या नव्या नवरीच्या थाटात मडगार्डला टेकून उभ्या राहिल्या होत्या. सगळ्यांना वाटलं, पोरगी सासरी निघायच्या विचारानं हळवी झालीय. गाडी सोडवेना तिला.

"आन् मला येकदाबी सांगितलं न्हाईस?" हंबीररावांनी विचारलं.

अंबूबाई साखर ढवळत राहिल्या.

"माझ्या म्हायेरात तुमची मान खाली जाऊ ने म्हणून मामंजींनी येवढं केलतं," त्या म्हणाल्या. "त्यांची लाज मी काढू? आन् तुमी येवढं हौसेनं सांगायचा. ऐकायला बरं वाटायचं."

हंबीरराव खुर्चीत बसले. आधी त्यांचे खांदे हलले, मग ते मोठ्यानं हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. वडील जन्मभर त्यांच्याशी चार शब्दांच्या वर बोलले नव्हते. शाबासकी नाही, कौतुक नाही. हा माणूस आपल्या लग्नासाठी चोरून उद्यमनगरात आठ दिवस खेटे घालत होता, हे त्यांना आज, चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळत होतं. त्यांनी दादांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांबड्या रश्श्याची दुसरी वाटी घेताना दादांनी कड्याचं माप कसं काढलं तेही सांगितलं, आणि ते सांगताना त्यांना आपल्या कामाचा अभिमान लपवता आला नाही.

इरावतीनं रिपोर्ट लिहिला. १९५१ची ब्यूक सुपर, रोडमास्टर नव्हे. इंजिन मूळचं आणि उत्तम. चौथं भोक १९७५ साली कोल्हापुरात पाडलेलं, कारागीर अमुक, असं वडिलांचं पूर्ण नाव घालून. किंमत रोडमास्टरपेक्षा बरीच खाली आली. विजयसिंहांनी रिपोर्ट वाचून थोडं तोंड वाकडं केलं. मग येऊन त्यांनी गाडी फिरवली, ॲक्सिलरेटर दाबून चारदा चालू-बंद केली आणि बाईंनी ठरवलेल्या किमतीला व्यवहार पक्का केला. दोन्ही बाजूंची चौथी भोकं बुजवून गाडी मूळच्यासारखी करून घेणार, हेही त्यांनी सांगितलं. हंबीरराव म्हणाले, तुमची गाडी, तुमी ठरवा. फक्त शुक्रवारपर्यंत राहू द्या.

गुरुवारी सकाळी त्यांनी ब्यूक धुतली. तेजस्वीला वाटलं, गिऱ्हाइकासाठी चाललंय. पण साडेआठला आजोबांनी आजीला बाहेर बोलावलं. अंबूबाई सवयीनं मागचं दार उघडायला लागल्या. गेली पन्नास वर्षं त्या मागंच बसल्या होत्या, कधी नव्या नवरीला धरून, कधी करवल्यांच्या गर्दीत. हंबीररावांनी पुढचं दार उघडून धरलं.

बोरपाडळ्याच्या रस्त्याला लागून ते पन्हाळ्याकडं निघाले. पुढची सीट सोफ्यासारखी सलग होती. काचा खाली, आणि अंबूबाईंनी डोक्यावरचा पदर दातांत धरला होता. चढाला गाडी तापली. हंबीररावांनी ती सावलीला लावली, बॉनेट उघडलं आणि इंजिन निवेपर्यंत दोघं कठड्यावर बसले. खाली वारणेकाठचा सगळा ऊस दिसत होता.

अर्ध्या तासानं हंबीरराव म्हणाले की निवलं असंल, आता घराकडं वळू.

"गारगोटीला किती लागतील?" अंबूबाईंनी विचारलं.

"दोन तास. जादाच."

"मग चला की. आक्का हाय तिथं, लेकीकडं आलीया. तिला बसवून येक चक्कर मारू."

हंबीररावांनी बॉनेट बंद केलं आणि तेजस्वीला फोन लावून सांगितलं की दुपारच्या जेवणाला आमची वाट बघू नका.