गाडी दात खाते

"भिऊ नगंस बये. चारी पाय टेक आन् निघ!"

नदीकाठच्या काळ्या चिखलात मी पोटापर्यंत रुतले होते, तेव्हा कानावर पडलेला हा आवाज. त्याला आता कितीतरी हिवाळे होऊन गेले. बोलणारे होते राहू गावचे गेणबा. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेल्या घरातले. त्या घरात आलेली मी पहिलीच गाडी. म्हणून त्यांना वाटलं, मेंढरासारखं चुचकारलं की हीसुद्धा उठेल. आणि मित्रांनो, मी खरंच उठले!

मी पांढऱ्या रंगाची एक पिकअप आहे. पांढरी म्हणायची ती आपली जुन्या ओळखीनं. आता रंगापेक्षा पोपडेच जास्त. मागचं फळकं दोरीनं बांधलेलं. पण माझ्यात एक गोष्ट अशी आहे, जी रस्त्यावरच्या पुष्कळ गाड्यांमध्ये नसते. त्यांचं इंजिन दोनच चाकं फिरवतं. माझ्यात एक जादा दांडा आहे. तो ओढला की माझी पुढची चाकंही मागच्यांच्या जोडीनं जोर लावतात. ड्रायव्हर लोक त्याला 'फोर लावणं' म्हणतात. गेणबाआबा म्हणतात, 'चारी पाय टेकवणं'. मला आबांचंच नाव आवडतं.

कारखान्यातून निघाले तेव्हा अंगाला नव्या रबराचा वास होता. आधी शिरूरकडच्या एका ठेकेदारानं माझ्याकडून खडी वाहून घेतली. मग मी राहूला आले आणि शेतकऱ्याची झाले. उसाचं बेणं वाहिलं, कांदा वाहिला, खत वाहिलं. एकदा तर अडलेली मेंढी घेऊन गुरांच्या डॉक्टरकडे पळाले, आणि परत येताना माझ्या हौद्यात एकीच्या तीन झाल्या होत्या. दसऱ्याला माझ्या तोंडावर झेंडूची माळ असायची. सगुणाबाई, म्हणजे आबांच्या मालकीणबाई, माझ्या चारी चाकांना हळदीकुंकू लावायच्या.

आबांच्या कानाची गावात ख्याती होती. कुणाची विहिरीवरची मोटार घरघरली, कुणाच्या ट्रॅक्टरनं धूर टाकला, की माणूस यायचा. "आबा, जरा ऐकता का?" आबा जायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "हिचा घसा बसलाय. पाणी बघा." बघावं तर पाणी खरंच कमी असायचं. त्यामुळं आबांनी 'काही न्हाई' म्हटलं की काही नाही, अशी गावाची खात्री.

आबांचा मुलगा रोहिदास रांजणगावला कंपनीत लागला आणि पाळीच्या कामात अडकला. मग माझ्या स्टिअरिंगमागं बसली त्याची बायको, साधना. बांधाच्या कडेनं, उसाच्या सरीतून, धडपडत गाडी शिकली. तिनं स्वतःच्या हौसेनं शेवंती लावली होती. मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पूजेला दौंडच्या बायकांना फुलं लागतात. म्हणून बुधवारी भल्या पहाटे आम्ही दोघी निघायचो. माझ्या हौद्यात पिवळ्या-पांढऱ्या फुलांचे क्रेट, आणि मागं अंगणात सगुणाबाईंचा आवाज :

पहाटंचं दंव बाई, शेवंतीच्या पाकळीला
सून माझी निघाली गं, दौंडाच्या बाजाराला

आपल्यावर कुणी ओवी रचावी, याहून मोठा मान गाडीला कुठला?

आणि मग त्या थंडीत ते झालं.

दंव इतकं पडलं होतं की माझ्या काचेवरून पाण्याचे ओघळ चालले होते. खुटबावच्या वळणाआधी माझ्या पुढच्या डाव्या चाकातून आवाज आला. चर्रर्र... कर्रर्र... पत्र्यावर पत्रा घासावा तसा बारीक, तीक्ष्ण. मी दचकले. आधी वाटलं, शेजारून कुणी नांगर ओढत नेतंय. रस्ता मोकळा होता. म्हणजे हा आवाज माझा? माझ्याच पोटातून आलेला? इतकी वर्षं ज्या अंगावर भरवसा टाकला, त्या अंगानं असं परक्यासारखं ओरडावं? मला काही सुचेना.

साधनानं कचकन ब्रेक दाबला. खाली उतरून चाकाभोवती फिरली. उभ्या गाडीचा आवाज कसा येणार? पुन्हा निघालो, पुन्हा चर्रर्र. आणि चौफुला यायच्या आत इंजिन तापलं, ऊन वर आलं, आणि आवाज विरून गेला. जणू नव्हताच.

घरी येऊन तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं मला अंगणातून सावकाश चालवलं. आबा माझ्या बॉनेटवर पालथा हात ठेवून बरोबर चालले. मी चरचरले. चांगली मोठ्यानं चरचरले. शेजारच्या रंगुबाईंचं कुत्रं उठून पळालं!

"आला का, आबा?" साधनानं खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं.

आबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "कुठला आवाज? बरी हाय की गाडी."

मित्रांनो, मी थक्क झाले. इंजिन चालू होतं म्हणून, नाहीतर श्वास अडकला असता. हा माणूस माझ्याशी खोटं बोलतोय? चिखलात मला 'बये' म्हणणारा?

रोहिदासला तर पुरावाच मिळाला. "आबांना ऐकू आला न्हाई म्हंजी आवाज न्हाईच. तुझंच कान चरचरत असत्याल थंडीनं."

"अवो, खरंच वाजतंय. गाडी दात खाते."

हा शब्द नीट ऐका, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यानंच केला. या घरात मेंढीच्या पोटात दुखू लागलं की ती दातावर दात घासते. त्याला म्हणतात, मेंढी दात खाते. साधना माहेराहूनही मेंढरांच्याच घरातली. तिला म्हणायचं होतं की गाडीला कुठंतरी दुखतंय. पण रोहिदासनं चौफुल्याच्या पोपटराव मिस्त्रींना फोन लावला आणि सांगितलं, "मामा, गाडीनं दात खाल्लेत."

गॅरेजात दात खाल्ले म्हणजे गिअरचे दात झिजले!

"मग गिअरबॉक्स खोलावा लागंल," पोपटराव म्हणाले. "चालवतं कोण?"

"मंडळी चालवतात."

"हां..." पलीकडून नुसता हुंकार आला. त्या हुंकारात सगळा निकाल होता.

संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर बातमी पोचली. "रोहिदासच्या बायकूनं गाडीचं दात पाडलं!" "आता कवळी बसवा म्हणावं!" माणसं हसून हसून वाकली. रोहिदास तिथंच होता. त्यानं अर्धा चहा तसाच ठेवला, घरी आला आणि खुंटीवरची किल्ली खिशात टाकली.

"आजपासून गाडीला हात लावायचा न्हाई."

"आन् फुलं?"

"बांधावर व्यापारी येतो की. त्याला दे."

साधनाला ठाऊक होतं, बांधावरचा व्यापारी मूठ-मूठ फुलं चुरगाळून बघायचा आणि नाक मुरडायचा. तिची शेवंती, तिचं गिऱ्हाईक, तिची पहाट, सगळं त्या खिशात गेलं होतं.

पोपटरावांनी माझं पोट उघडलं. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाचं पोट असं भर रस्त्याकडेला उघडलं तर कसं वाटेल? लाजेनं मी गारठले. त्यांनी एकेक गिअर पुसला, उजेडात धरला. आणि बघतच राहिले. दात सगळे जागेवर! अगदी जवान गाईसारखे.

आता तरी साधना सुटेल असं मला वाटलं. पण माणसांचं गणित वेगळंच. मला न्यायला रोहिदास आला, साधनाही हट्टानं बरोबर आली. सगळं ऐकून रोहिदास तिला म्हणाला, "बघ. म्हंजी आवाज नव्हताच. उगंच पोट फाडलं गाडीचं." म्हणजे कालपर्यंत ती दात पाडणारी होती, आज खोटारडी झाली. मला धक्क्यावर धक्के बसत होते.

साधना मात्र पोपटरावांसमोर जाऊन उभी राहिली. "मामा, मी 'दात खाल्ले' म्हणाले न्हवते. 'दात खाते' म्हणाले हुते. मेंढी खाते तसं."

पोपटरावांच्या हातातला पाना तसाच राहिला. "अगं माय माझे! मग हे आधी का न्हाई सांगितलं?"

"मला कुणी इचारलंच न्हाई."

मग मात्र त्यांनी विचारलं. कधी वाजतं? पहाटे, गारठ्यात. कधी थांबतं? अंग तापलं की. वळताना वाजतं का सरळ जाताना? सरळ जातानाच जास्त. आणि शेवटी, "चारी चाकं लावली तर?"

साधना पटकन म्हणाली, "तवा गप बसते. एकदा चिखलाला भिऊन दांडा ओढला, तर निमूट झाली."

पोपटरावांनी मान हलवली. "गाडी आज इथंच राहू दे. उघड्यावर, गारठ्यात. पहाटं सगळी या."

मी उघड्यावर कुडकुडत राहिले. पहाटे रोहिदास रातपाळी उरकून परस्पर आला. साधना आणि आबा दुधाच्या गाडीतून आले. आबांच्या कानाला मफलर गुंडाळलेला.

"पोरी, तूच चालव," पोपटराव म्हणाले.

रोहिदासनं किल्ली दिली. मी पुढं सरकले आणि चर्रर्र... कर्रर्र!

"आयला!" रोहिदास एक पाऊल मागं सरला. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"आता चारी लाव." साधनानं दांडा ओढला. मी गप्प. "सोड." पुन्हा चर्रर्र. पोपटराव माझ्याखाली सरपटले आणि चाकाजवळच्या एका बारीक रबरी नळीवर बोट फिरवलं. नळीला केसाएवढी चीर होती.

ते सांगू लागले, तेव्हा मलाही माझं दुखणं पहिल्यांदा कळलं. या नळीतली हवा इंजिन ओढून धरतं. त्या ओढीनं पुढचं चाक आणि त्याला फिरवणारा आस यांचे दात एकमेकांपासून लांब राहतात. थंडीनं जुनं रबर ताठ झालं, चीर उघडली, ओढ कमी पडली. दात धड लांबही नाहीत, धड एकमेकांत बसलेलेही नाहीत. नुसते घासत राहिले. फोर लावलं की ते पुरते बसतात, म्हणून आवाज बंद. रबर तापलं की चीर मिटते, म्हणून दिवसा आवाज गायब.

"म्हंजी ही खरंच दात खात व्हती," पोपटराव हसले. "आणखी महिनाभर दुर्लक्ष केलं असतं, तर दात खरंच गेलं असतं. हिनं येळेवर सांगितलं."

नवी नळी बसली. साधनानं मला एक फेरी मारून आणलं. चाकाखालच्या खडीचा आवाज सोडला, तर काही नाही. रोहिदास किल्ली परत मागायला पुढं आला नाही. खाली बघत इतकंच म्हणाला, "फुलं काढून ठिव. उद्या बुधवार हाय."

मित्रांनो, जुन्या गाडीची नळी, पट्टा, रबर थंडीआधी एकदा हातानं चाचपून बघा. आम्हाला बोलता येत नाही, आम्ही फक्त वाजतो. आणि कुणी म्हणालं की मला काहीतरी ऐकू येतंय, तर तुम्हाला ऐकू आलं नाही एवढ्यानं त्याला खोटं पाडू नका. आधी विचारा, कधी, कुठं, कसं.

कारण अजून एक गोष्ट बाकी होती. रोहिदास वळला आणि आबांपुढं उभा राहिला. आवाज चढला होता. "आबा, आख्खी पेठ जागी हुईल एवढी गाडी वाजत व्हती. तुम्ही न्हाई म्हणला म्हणून मी हिला खोटी ठरवली. का केलं असं?"

आबांचा हात माझ्या बॉनेटवर होता. मी बंद होते, तरी त्यांनी तो उचलला नाही.

ते साधनाकडे वळले. मफलर सोडला.

"जाड आवाज येतो मला, पोरी. ह्या रोहिदासचा येतो, इंजिनचा हाताला लागतो. बारीक आवाज गेल्यात, लई वर्सं झाली. तुझं बोलणं मी व्हट बघून वळखतो. तू सून हून आलीस, तवापासनं तुझा आवाज मी एकदा बी ऐकला न्हाई."