सत्तरीपुढचे अकरा अर्ज

"माझी माय तीन दिसांपासून उपाशी हाय बाई! तीन दिस!"

फकिरानं काउंटरच्या काचेवर हात आपटला, तशी रांगेतली माणसं मागे सरकली. शहजादी शेख जागची हलली नाही. शहरातल्या या खासगी रुग्णालयाच्या विमा काउंटरवर ती एकोणीस वर्षं बसत होती. काचेवर आपटलेले हात तिनं खूप पाहिले होते.

"भाऊ, हात खाली घ्या. पेशंटचं नाव सांगा."

"दगडाबाई. फुलंब्रीहून आणलंय सोमवारी. खुब्याचं हाड मोडलंय. रोज सकाळी सिस्टर म्हणत्यात, आज ऑपरेशन हाय, पाणीबी देऊ नका. मग तीन वाजता म्हणत्यात, विम्याची मंजुरी आली नाय, आता खाऊ घाला. शहात्तर वर्षांची म्हातारी हाय ती. सहन तरी किती करावं?"

शहजादीनं रुग्णालयाची यादी पाहिली. दगडाबाईच्या नावापुढे हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, अर्ज पाठवला. मग तिनं विमा कंपनीची साइट उघडली. तिथे वेगळंच होतं. रुग्णालयाने अर्ज मागे घेतला. सोमवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. मागे घेणाऱ्याचं नाव, शहजादी शेख.

तिनं ते दोनदा वाचलं. तिचे कान तापले.

आधी तिनं दगडाबाईचा अर्ज स्वतः नव्यानं भरून पाठवला. विमा कंपनीत फोन करून तातडीचं आहे म्हणून सांगितलं. मग वॉर्डात फोन लावला. "दगडाबाईला आत्ताच्या आत्ता काहीतरी खायला द्या. आज काही ऑपरेशन होत नाही." फकिरा काचेपलीकडून बघत राहिला. "काय झालतं बाई?" त्यानं विचारलं. "सांगते," ती म्हणाली. "आधी मला बघू द्या."

महिन्याभरापूर्वी रुग्णालयानं संगणकावर आपोआप अर्ज भरणारा बॉट बसवला होता. पहाटेच्या भरतीचे अर्ज माणसं यायच्या आधीच तो भरून पाठवायचा. त्यासाठी त्याला शहजादीचंच नाव आणि पासवर्ड दिला होता. वेगळं खातं घ्यायला विमा कंपनीची परवानगी लागली असती आणि तेवढा वेळ कुणाला नव्हता. शहजादीनं महिन्याभरातले सगळे अर्ज काढले. दोनशेच्या वर होते. त्यातले अकरा मागे घेतलेले. एकाहत्तर, चौऱ्याहत्तर, ब्याऐंशी, शहात्तर... ती वयं वाचत गेली. सत्तरीच्या आतलं एकही नव्हतं.

मग तिच्या लक्षात आलं, आणि ती खुर्ची मागे ढकलून उठली.

बॉट बसवायच्या आधी तो तयार करणाऱ्या कंपनीतला ऋतुराज नऊ दिवस तिच्या शेजारी स्टूल टाकून बसला होता. "मॅडम, आता कुठलं बटण?" हा त्याचा प्रश्न. विमा कंपनीची साइट तिकडच्या संगणकावर चालायची आणि इथे फक्त तिचा पडदा दिसायचा, त्यामुळे बॉटला तिथली अक्षरं वाचता येत नव्हती, नुसतं चित्र दिसायचं. म्हणून ऋतुराज त्याला बटणाची जागा मोजून देत होता, वरून इतकं, डावीकडून इतकं. तेव्हाच शहजादीनं सांगितलं होतं. "जागा धरू नको बेटा. वर विथड्रॉ आहे, अर्ज मागे घ्यायचं बटण, आणि खाली सबमिट, पाठवायचं. पेशंट सत्तरीपुढचा असला की वयाच्या दाखल्याची एक ओळ जास्तीची येते. सगळं खाली सरकतं. सबमिटच्या जागी विथड्रॉ येऊन बसतं." ऋतुराजनं ते लिहूनही घेतलं होतं.

ती तडक प्रशासक गोकुळ सरांच्या खोलीत गेली. तिथे ऋतुराज आधीच उभा होता. सरांसमोर टाइप केलेला एक कागद होता.

"बरं झालं आलात, शेख मॅडम. विमा कंपनीचा फोन होता. अकरा अर्ज तुमच्या नावानं मागे गेलेत. नजरचुकीनं झालं, एवढी एक ओळ आहे. सही करा, विषय मिटवू."

"सोमवारी सकाळी सहा दहाला मी कुठं होते, माहितीय सर? नळाला पाणी आलं होतं. आठ दिवसांनी. मी आणि माझी सासू घागरी भरत होतो. आख्खी गल्ली साक्षीला आहे."

"तसं नाही हो. रेकॉर्डवर तुमचं नाव आहे..."

"रेकॉर्डवर तुम्ही घातलंय माझं नाव!" तिचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला. "दाखवते. या, बसा इथं."

तिनं त्यांच्याच संगणकावर साइट उघडली. तिथे सरावासाठी ठेवलेला एक खोटा पेशंट होता, वय पस्तीस. "चालव रे तुझं." ऋतुराजनं बॉट सुरू केला. पडद्यावरचा बाण सरसर रकाने भरत गेला आणि त्यानं सबमिट दाबलं. शहजादीनं वय खोडून शहात्तर केलं. "परत चालव." जास्तीची ओळ आली, बटणं खाली सरकली. बाण मघाच्याच जागी गेला आणि त्यानं विथड्रॉ दाबलं. बॉटनं यादीत हिरवी नोंद केली, अर्ज पाठवला.



"सांगितलं होतं का नाही मी?" ती ऋतुराजला म्हणाली.

"सांगितलं होतं," तो खाली बघत म्हणाला. "दाबायच्या आधी बटणाचं चित्र जुळवून बघायचं, एवढं घालायचं होतं. आठवडा लागला असता. मी आमच्या साहेबांना मेल केला होता. ते म्हणाले, एक तारखेला सुरू झालंच पाहिजे." तो थांबला. "तो मेल तुम्हालाही होता, सर."

शहजादी गोकुळ सरांकडे वळली. ते कागदाची कड सरळ करत होते.

"रोज पन्नास मेल येतात," ते म्हणाले. "आणि हे बघा, विमा कंपनीला आपण काय सांगणार, मशीननं केलं? कुणाचं तरी नाव द्यावंच लागतं. तुम्ही जुन्या आहात, तुम्हाला काही होणार नाही."

"जुनी आहे म्हणून?" तिला धाप लागली होती. "क्या बोलते सर तुम्ही! वर वॉर्डात एक म्हातारी तीन दिवस रोज दुपारपर्यंत पाण्याविना पडलीय. मोडलेलं हाड घेऊन. तिचा अर्ज गेलाच नव्हता आणि तुम्हाला माहीत होतं! ते माझ्या नावावर? नाय जमायचं."

कागद तिनं हातातही घेतला नाही. काउंटरवर येऊन पासवर्ड बदलला. बॉट त्या क्षणापासून बंद पडला. पुढचे सगळे अर्ज ती स्वतः हातानं पाठवू लागली, जेवायलाही उठली नाही.

चार वाजता दगडाबाईची मंजुरी आली. शहजादी कागद घेऊन स्वतः वर गेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीच्या छातीत कफ भरला होता, ताप एकशे दोन. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी ऑपरेशन पुढं ढकललं. किती पुढं, ते कुणी सांगेना. फकिरा जिन्यात बसला होता. शहजादीनं बॉटचं सगळं सांगितलं. आता तो ओरडला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

शुक्रवारी तिला मेमो मिळाला. परवानगीशिवाय पासवर्ड बदलून कामकाजात अडथळा आणला, असं त्यात होतं. उरलेल्या दहा घरांना कुणी फोन करू नये, अशी तोंडी ताकीदही मिळाली. कायद्याचा प्रश्न होईल म्हणे.

दुपारच्या सुट्टीत ती गाड्या लावायच्या जागेत लिंबाखाली उभी राहिली आणि स्वतःच्या मोबाइलवरून एकेक नंबर लावू लागली. पहिल्यानं शिव्या दिल्या. दुसऱ्यानं म्हटलं, शेती गहाण टाकून दुसरीकडं ऑपरेशन केलं. तिसऱ्यानं, चौथ्यानं उचललाच नाही. 

पाचवा नंबर वेरूळचा होता. साळूबाई, वय ब्याऐंशी. फोन तिच्या मुलानं, पुंडलिकनं उचलला.

"रुग्णालयातून शहजादी शेख बोलते. तुमच्या आईच्या अर्जाबद्दल..."

"मंजुरी आली का मॅडम?"

"नाही. म्हणजे, तो अर्ज..."

"मंजुरी येईना म्हणून घरी आणली आम्ही तिला. आठ दिस वाट बघितली." मागे भांड्यांचा आवाज होता, बरीच माणसं बोलत होती. "माय गेली मंगळवारी."

शहजादीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग आता कशापायी फोन केला?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं.

"तुमचा अर्ज गेलाच नव्हता. चूक आमची होती. तुमची नाही, तुमच्या कागदांची नाही. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं."

 पलीकडे कुणीतरी त्याला पाण्याचं विचारलं. त्यानं फोन ठेवला नाही. तिनंही ठेवला नाही.