न पेरलेलं रैहान

तोजिखोनच्या रैहानशी माझं जुनं वैर. तोजिखोनशी नाही, ती माझी जिवाभावाची शेजारीण. तिच्या घराची मागची भिंत तीच माझ्या घराची मागची भिंत. तिचं फाटक पाटाच्या रस्त्यावर उघडतं, माझं विणकरांच्या गल्लीत. एकमेकींच्या दारात जायचं तर अख्ख्या मोहल्ल्याला वळसा पडतो, म्हणून मी भिंतीला शिडी लावून ठेवली आहे. आमची सगळी बोलणी, भांडणं आणि वाडग्यांची देवाणघेवाण त्या भिंतीवरूनच चालते.

पण तिचं ते रैहान! तुळशीच्या कुळातलं, जांभळ्या पानांचं, लवंगेसारख्या वासाचं. बी वाऱ्यावर उडून भिंत ओलांडायचं आणि माझ्या कांद्यांत उगवायचं. विटांच्या फटीतून, नळाच्या तोटीखालून, जिथे म्हणून मूठभर माती असेल तिथून डोकं वर काढायचं. मी उपटून उपटून थकले. शेवटी मी कांद्याच्या वाफ्यावर काळं प्लास्टिक अंथरलं, भिंतीच्या फटी सिमेंटने लिंपल्या आणि जिंकले. शिडीवर चढून तसं जाहीरही केलं.

"तोजिखोन, तुझी पलटण हरली गं!"

"हरू दे," ती तपचानवर, अंगणातल्या लाकडी बाजेवर, बसून शेंगा सोलत होती, मान वर न करता म्हणाली, "माझ्याकडे जागा आहे त्यांना."

खरंच होती. तिच्या वाफ्यात पेरणी अशी कधी झालीच नाही. शेपू, कोथिंबीर, रैहान, सगळं आपापलं बी सांडायचं आणि पुढच्या वर्षी आपापलं उगवायचं. रैहानची तर गोष्टच वेगळी. तोजिखोन नवरी होऊन आमच्या मार्गिलानला आली तेव्हा तिच्या आईने गाद्यांच्या घड्यांत कसर लागू नये म्हणून रैहानच्या वाळक्या काड्या घातल्या होत्या. इथे गाद्या उन्हात टाकून झटकल्या, बी अंगणात पडलं आणि उन्हाळ्यात आईच्या दारातला वास सासरी उगवला. आई पुढे गेली, भावांनी ते अंगण विकलं, तिथे आता कुणाची तरी गाड्या धुण्याची जागा आहे. उरलं ते एवढंच. पण ही बाई त्याचं बी कधी राखून ठेवायची नाही. "डबीत कोंडलं की रुसतं ते," म्हणायची. मी म्हणायचे, "रुसायला ते काय तुझी नणंद आहे?" पण तोजिखोनला शहाणपण शिकवणं माझ्या हातात असतं तर आणखी काय हवं होतं!

गेल्या वर्षी तिच्या मुरोदचं लग्न झालं. सून ताश्कंदची, चौथ्या मजल्यावर वाढलेली. नाव ओयदीन. पोर गुणी, पण माती म्हटलं की तिला बुटाला लागते ती एवढीच ठाऊक. आमच्याकडे नव्या सुनेने मोहल्ल्याच्या आधी उठायचं, अंगण झाडायचं आणि फाटकाबाहेर सडा घालायचा. खराट्याच्या आवाजावरून बायका सून जोखतात. ओयदीनचा खराटा मला भिंतीपलीकडून ऐकू यायचा, आणि खरं सांगते, इतक्या जिद्दीने झाडणारी पोर मी पाहिली नव्हती. अंगण खरवडून काढायची अगदी.

हेमंतातली गोष्ट. एका सकाळी भिंतीपलीकडे असा आरडाओरडा झाला की मी हातातली चहाची वाटी तशीच घेऊन शिडीवर चढले.

"अगं बाई, कुठून कुठे झाडतेस?" तोजिखोन कमरेवर हात देऊन उभी. "आतून बाहेर? माझ्या घरातली बरकत रस्त्यावर नेऊन टाकतेस?"

"ओयी, कचरा तर बाहेरच..." ओयदीनचा आवाज पार खोल गेलेला. सासूला ती ओयी, म्हणजे आई, म्हणायची.

"कचरा कुठला! फाटकापासून आत झाडत यायचं, जर्दाळूच्या बुंध्याशी गोळा करायचं. जिन्यावरून केर खाली ढकलायला हे काय ताश्कंद आहे? लग्नापासून रोज असंच करतेयस?"

"हो, ओयी."

"संपलं! पाटापर्यंत नेऊन टाकली असशील सगळी. आता ऐक. फाटकाबाहेरच्या त्या मातीच्या पट्ट्याला खराटा लावायचा नाही. बाहेर टाकलीस ती टाकलीस, निदान तिथे राहू दे, आणखी पुढे हाकलू नकोस. नुसता सडा घाल."

मी वरून म्हटलं, "जाऊ दे गं, पोर आहे."

"तू चहा पी," तोजिखोन म्हणाली.

ओयदीनने ते ऐकलं ते ऐकलंच. त्या दिवसापासून फाटकाबाहेर फक्त सडा.

मग हिवाळा सरता सरता तोजिखोन बर्फावर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. फरगान्याला ऑपरेशन झालं, आणि हॉस्पिटल जवळ म्हणून ती तिथेच लेकीकडे राहिली. वसंत गेला तरी तिथेच. लेक फोनवर सांगायची, ओयी जेवत नाहीत, नानचा तुकडा मोडतात आणि बाजूला ठेवतात. भाजीला नावं, शेपूला नावं, खिडकीला नावं. मी ओळखून होते. तोजिखोनला घर हवं होतं.

इकडे ओयदीनला वाटलं, सासू येईल तेव्हा घर कसं लखलखलं पाहिजे. तिने पडदे धुतले, तपचानला रंग दिला. मग तिची नजर वाफ्यावर गेली. मी त्या दिवसांत बहिणीकडे नमनगानला गेले होते, नाहीतर शिडीवरून हाका मारून मी मोहल्ला गोळा केला असता. परत आले, शिडी चढले, आणि तौबा! वाफा जेवणाला अंथरलेल्या दस्तरखानासारखा सपाट. मधोमध टोमॅटोची रोपं, शाळेतल्या मुलांसारखी रांगेत.

"ओयदीन! इथलं हिरवं कुठे गेलं?"

"तण काढलं ना, खोला," ती घाम पुसत हसली. मला ती खोला, म्हणजे मावशी, म्हणायची. "किती माजलं होतं! मुळासकट काढलं. तीनतीनदा खणलं, पुन्हा यायचं, पुन्हा काढायचे. आता नाही यायचं. सगळं जाळून टाकलं."

माझा चेहरा बघून तिचंच हसू मावळलं.

"खोला, ते तण नव्हतं?"

मला सांगावं लागलं. रैहान कशाला म्हणतात, ते कुठून आलं, कुणाचं. ती तपचानच्या कडेवर बसली आणि दोन्ही हातांत तोंड घालून रडली. मला रागही आला होता आणि कीवही. खरं तर राग माझा मलाच जास्त आला होता. इतकी वर्षं त्या रैहानने माझ्या अंगणात मुक्काम ठोकला होता आणि ज्या वर्षी त्याची गरज पडली, त्याच वर्षी माझ्याकडे औषधालाही एक काडी नव्हती. मी घरी जाऊन प्लास्टिकची कड न् कड उचलून पाहिली. खाली पांढऱ्या गोगलगायी. लिंपलेल्या फटी खिळ्याने उकरल्या. काही नाही. जिंकले होते ना मी.

त्याच संध्याकाळी तोजिखोनचा फोन आला. ओयदीनने तो मला ऐकू यावा म्हणून भिंतीजवळ आणून धरला.

"रैहान उगवलं का गं?"

ओयदीनने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको म्हणून. तिला वाटलं, हो म्हणतेय.

"उगवलं, ओयी."

"केवढं?"

"बोटभर."

"चांगलं आहे. मी आले की नान, घट्ट दही आणि माझं रैहान. दुसरं काही करू नकोस. इथे मला घास उतरत नाही."

फोन बंद झाला. "आता?" ओयदीन म्हणाली. "खोला, मी त्यांच्या आईचं शेवटचं जे होतं ते जाळलं. त्या मला ठेवतील घरात?"

ठेवणार होतीच, तोजिखोन काही राक्षसीण नाही. पण एक गोष्ट मलाही कळत होती. ती काही बोलणार नाही, टोमणा मारणार नाही, आणि तेच वाईट. तोजिखोन ओरडते तोवर सगळं ठीक असतं. गप्प झाली की ती त्या माणसाकडे वळून बघत नाही. तिच्या धाकट्या जावेला विचारा.

मग आम्ही बाजारातून रैहानची रोपं आणली. मोठाल्या पानांची, पाण्यावर पोसलेली. ओयदीनने टोमॅटो उपटून ती लावली आणि उन्हाने माना टाकल्या तेव्हा त्यांच्यावर मुरोदची छत्री उघडून ठेवली. मी एक पान चुरून वास घेतला. लवंगेचा मागमूस नाही.

"कळेल त्यांना?" ओयदीनने विचारलं.

"डोळे बांधलेस तरी कळेल."

फोन येत राहिले. बोटभराचं वीतभर झालं. ओयदीन सांगताना रडकुंडीला यायची आणि मुरोद म्हणायचा, "एक झुडूप तर आहे." मी त्याला शिडीवरून जे बोलले ते इथे सांगत नाही. हाच माणूस रोज त्याच फाटकातून ये-जा करत होता, हे पुढे ऐकाल तेव्हा लक्षात ठेवा.

जूनच्या सुरुवातीला तोजिखोन यायचं ठरलं. मुरोद टॅक्सी घेऊन आणायला गेला. अशा वेळी शिडीवरून डोकावणं बरं दिसत नाही, म्हणून मी चांगला रुमाल बांधला, गरम नान फडक्यात गुंडाळली आणि वळसा घालून तिच्या फाटकाशी गेले. हिवाळ्यानंतर त्या रस्त्याला मी पहिल्यांदाच येत होते. फाटकाबाहेर पाटाच्या कडेला लग्नाच्या वेळच्या उरलेल्या विटांचा ढीग आणि गुडघाभर गवत माजलेलं. आधी तेच डोळ्यांत खुपलं. आत छत्री आणि बाहेर हे जंगल!

ओयदीन फाटकात उभी. "मी सांगून टाकणार आहे, खोला. गाडीतून उतरल्या उतरल्या. आता खोटं नाही बोलवत."

"आधी घरात तरी येऊ दे तिला."

"नाही. आत गेल्या की दिसेलच."

तेवढ्यात टॅक्सी आली. समोरून दुधाची गाडी येत होती म्हणून ड्रायव्हरने चाकं रस्त्यावरून खाली घेतली आणि गवत चिरडत थेट विटांपाशी थांबवली. मुरोदने दार उघडलं. तोजिखोनची काठी बाहेर आली, मग एक पाय, मग ती. वाळून निम्मी झाली होती. ओयदीन वाकून सलाम करायला पुढे झाली, "ओयी, मला तुम्हाला..."

तोजिखोनने हात वर केला. नाक उंचावलं. एक श्वास, दुसरा श्वास. आणि मग त्या वाळल्या बाईच्या गळ्यातून असा आवाज निघाला की दुधाची गाडीसुद्धा थांबली.

"डोळे फुटले का रे तुझे? कशावर गाडी घातलीस? मागे घे! आधी मागे घे ते डबडं! माझ्या रैहानवर चाकं चढवतोस?"

ड्रायव्हर बिचारा गाडी मागे घेताना पाटात पडता पडता वाचला. आता तो वास मलाही आला. लवंग. चाकांखालचं गवत आडवं झालं होतं आणि त्यात जांभळी पानं चुरडून पडली होती. मी गवत दोन्ही हातांनी बाजूला केलं. रैहान! विटांच्या आडोशाला, पाटाच्या ओलीवर, फाटकाच्या एका खांबापासून पार शेजाऱ्यांच्या खांबापर्यंत. बारीक पानं, काळपट दांडे, वीतभर उंच. अगदी फोनवर सांगितलं होतं तेवढं.

ओयदीन तिथेच खाली बसली. "मी इथे रोज सडा घालते," ती म्हणत होती, "अंधारात घालते, मला दिसलंच नाही." आणि मग एका दमात सगळं बाहेर पडलं. वाफा, खणणं, जाळणं, बाजारची रोपं, छत्री. "आतलं सगळं मी संपवलं, ओयी. एक काडी नाही ठेवली."

तोजिखोन गप्प. ती काठी टेकत त्या पट्ट्याच्या कडेने गेली, अगदी टोकापर्यंत, आणि परत आली.

"खराटा आण," ती म्हणाली.

मुरोद म्हणाला, "ओयी, जाऊ द्या ना." ओयदीन उठली, आत गेली, खराटा घेऊन आली आणि मान खाली घालून सासूसमोर धरला.

"मला कशाला देतेस? मला वाकता येतं का आता?" तोजिखोन म्हणाली. "तूच धर. हेमंतात बी वाळलं की तुझ्या पद्धतीने झाड. आतून बाहेर. पार मशिदीच्या वळणापर्यंत ने."

ओयदीनला ते कळायला थोडा वेळ लागला. मग ती हसायला लागली, रडता रडता. खराटा हातातून पडला आणि तोजिखोनने तिचं डोकं खांद्याशी ओढून घेतलं, आणि मला म्हणाली, "बघतेस काय, हामरो? नान गार होतेय."

ती घरात गेलीच नाही. विटांच्या ढिगावर गादी टाकून तिथेच बसली. ओयदीनने दही आणलं, चाकाखाली चुरडलेली पानं धुऊन वर घातली, आणि ती बाई आख्खी नान संपवून आणखी मागू लागली. मला इतकं हलकं वाटलं की मीही तिच्या वाडग्यात घास बुडवला.

निघताना मी दोन रोपं मातीसकट उचलली.

"तुला कशाला? तुझ्याकडे तर आमची पलटण हरली होती," तोजिखोन म्हणाली.

"तुझ्या सुनेला पुन्हा साफसफाईची हौस आली तर?"

ओयदीन रुमालाच्या टोकाआड तोंड घेऊन हसली. मी घरी आले आणि कांद्यांवरच्या प्लास्टिकला कात्री लावली.